मागच्या सीटवर ज्वालामुखी: नशिराबाद ते देवपूर

एप्रिल महिन्यात धुळ्याला हौसेनं कोणी जात नाही. मीही गेलो नाही, मला पाठवण्यात आलं. ब्लॉगचे वाचक अधूनमधून विचारतात, "दादा, स्पितीला कधी?" त्यांना कळवायला आनंद होतो की यंदाचं ठिकाण स्पितीपेक्षा दुर्गम होतं. मी एका बी.एड. कॉलेजच्या वार्षिक पाठाला जाऊन आलो.

झालं असं की माझी भाची मयुरी देवपूरच्या एका कॉलेजात बी.एड. करते. देवपूर म्हणजे धुळ्याचा पांझरा नदीपलीकडचा भाग. तिथे माणसं राहतात की नुसती कॉलेजं राहतात, असा प्रश्न पडावा इतक्या पाट्या. मयुरीचा विषय भूगोल. परीक्षेचा पाठ आठवीच्या मुलींना घ्यायचा, घटक 'ज्वालामुखी', आणि त्यासाठी तिनं थर्माकोल आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक ज्वालामुखी तयार केला होता. तो एसटीच्या दारातून आत जाईना. कंडक्टर म्हणाला, "ताई, एक तर तुम्ही या, नाही तर हे." तेव्हा माझ्या बहिणीला आपल्याला एक भाऊ आहे आणि त्याच्याकडे गाडी आहे, हे आठवलं.

"तुझी गाडी उभीच तर राहते," अक्का फोनवर म्हणाली. "घेऊन जाय ना पोरीले. आन् रस्त्यात काही बोलू नको तिले. आधीच घाबरेल आहे."

घाबरण्यालाही कारण होतं. मागच्या वर्षी हाच पाठ चालू असताना एका मुलीनं हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, आपल्याकडे कुठे आहे ज्वालामुखी?" आता बी.एड.मध्ये पाठ कसा घेतात, ते आधी समजून घ्या. शिक्षकानं काय विचारायचं, मुलांनी काय उत्तर द्यायचं, हे सगळं पाठ टाचणात आधीच लिहून मॅडमकडून मंजूर करून घ्यायचं असतं. मुलांनीही काही विचारावं, अशी सोय टाचणात नसते. मयुरी गप्प झाली, ती घंटा होईपर्यंत गप्पच राहिली. परीक्षकांनी आपलं घड्याळ पाहिलं आणि तिला नापास केलं.

"मामा, या वेळी पण गप्प झाले ना, तर मी परत परीक्षेला बसणार नाही," गाडीत बसता बसता तिनं जाहीर केलं. "सरळ नानांच्या दुकानात बसेन."

नाना म्हणजे तिचे वडील, माझे दाजी. जळगावात त्यांचं ठिबकच्या पाईपांचं दुकान आहे आणि माणूस अगदी सरळ आहे. "कशाला जिवाला त्रास? एसी बसवलाय, गल्ल्यावर बस," एवढंच त्यांचं म्हणणं. पण ही पोरगी पाचवी-सहावीत असल्यापासून गल्लीतल्या बारक्यांना ओट्यावर बसवून नकाशे काढायला लावायची. पाईप विकणं वाईट नाही हो, पण हिला ते नको होतं. आणि ती गप्प का होते, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

तर सकाळी जळगावच्या अलीकडच्या नशिराबादहून, अक्काच्या घरून निघालो. पुढच्या सीटवर मयुरी, मागच्या सीटवर ज्वालामुखी, त्याला बेल्ट. मला वाटेत तीन वेळा आरशात बघून दचकायला झालं. जळगाव शहर ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस एरंडोलला पोचतो, हे लक्षात ठेवून लवकर निघा. अजिंठा चौफुलीवर केळीचा ट्रक, दोन रिक्षा आणि उलट्या दिशेनं येणारा एक बुलेटवाला असे सगळे एकाच वेळी पहिले होते. शहर संपलं की रस्ता छान आहे, पाळधी, एरंडोल, पारोळा करत दोन-सव्वादोन तासांत धुळं. टोल फास्टॅगनं कापला जातो, त्यामुळे दुःख मोबाईलवर नंतर कळतं.

दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या, आणि मयुरी डोळे मिटून पुटपुटतेय: "प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, मूल्यमापन, गृहपाठ."

"बाहेर तरी बघ," मी म्हणालो.

"बाहेर काय आहे?"

भूगोलाची भावी शिक्षिका! मी अक्काला दिलेला शब्द आठवून जीभ चावली.

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कांदा, दोघांचं मिळून तीनशेच्या आत. तर्री अशी की पहिल्या घासाला कान गरम होतात. उन्हात राहिला तर ज्वालामुखीचा रंग उतरेल म्हणून मयुरीनं तो आत आणून खुर्चीवर ठेवला. ढाब्याचे मालक, पांढऱ्या टोपीतले एक आबा, लांबूनच बघत होते.

"हाई काय शे, बेटा?"

"ज्वालामुखी, आबा."

"मंग चूलपाईन दूर ठेव ना माय. गिऱ्हाइकं बसेल शेतस."

मयुरी हसली. नशिराबादपासूनचं ते पहिलं हसू. मी लगेच दुसरी भाकरी सांगितली.

दुपारी देवपुरात पोचलो तर पाठ ज्या मुलींच्या शाळेत होता तिथे तालीम चालू होती. तुम्हाला वाटेल स्नेहसंमेलनाची. नाही, उद्याच्या पाठांची. देवपुरातल्या त्या मुलींच्या वर्गावर दरवर्षी बी.एड.चे इतके पाठ होतात की 'ज्वालामुखी' त्यांना पाढ्यांसारखा पाठ आहे. कोणता प्रश्न कोणी घ्यायचा हे आदल्या दिवशी वाटून दिलेलं असतं. ज्यांना प्रश्न मिळत नाही त्यांनीही हात वर करायचा, पण डावा. उजवा हात म्हणजे उत्तर येतं, डावा म्हणजे नुसती शोभा. परीक्षकांना समोर हातांचं जंगल दिसतं आणि ते खूश होतात. ही पद्धत कोणत्या शिक्षणतज्ज्ञानं शोधली मला माहीत नाही, पण त्याचा सत्कार व्हायला हवा.

वर्गातली म्होरकी होती पूनम, दोन वेण्या, पहिला बाक. ती मयुरीला धीर देत होती. "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुम्ही विसरलात तर मी खोकेन. एकदा खोकले की हेतुकथन, दोनदा खोकले की फळा पुसायचा."

मयुरीच्या मार्गदर्शक मॅडम समाधानानं मान हलवत होत्या. माणूस म्हणून बऱ्या, पोरींना स्वतःच्या डब्यातलं खायला देणाऱ्या, पण तालमीच्या बाबतीत एकदम कडक. "आणि लक्षात ठेवा," त्या मुलींना म्हणाल्या, "मध्येच कोणी काही विचारायचं नाही. मागच्या वर्षी काय झालं माहिती आहे ना?"

मयुरीनं मान खाली घातली. मला भयंकर राग आला. पोरीनं एक प्रश्न विचारला, तर तो या शाळेत वर्षभर अपघातासारखा सांगितला जात होता!

मी मॅडमना सहज म्हणून विचारलं, "तुम्ही या बी.एड.च्या मुलांना कधी डोंगरबिंगर दाखवता का? भूगोल आहे म्हणून."

"दाखवतो ना! क्षेत्रभेट सक्तीची आहे." त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. तीसेक भावी शिक्षक एक लांबलचक बॅनर धरून उभे. बॅनरवर 'क्षेत्रभेट'. खाली अक्षांश-रेखांशाचा शिक्का. बॅनरच्या मागे बहुधा डोंगर असावा, पण तो बॅनरनं पूर्ण झाकला होता.

"डोंगरावर गेलात का मग?" मी मयुरीला गाडीत विचारलं.

"नाही. ऊन होतं. फोटो काढला आणि नाश्ता करून परत आलो."

मग मात्र माझा संयम सुटला. गाडी वळवली आणि आग्रा रोडनं लळिंगकडे काढली. ही त्या प्रवासातली एकमेव सहल, तेव्हा वाचकांसाठी माहिती: धुळ्यातून मालेगावच्या दिशेनं निघालात की पंधरा-वीस मिनिटांत लळिंगचा किल्ला दिसतो. उन्हाळ्यात पाच वाजल्यानंतरच जा, पाणी सोबत न्या, टोपीला लाजू नका. किल्ल्यापर्यंत आम्ही गेलोच नाही, कारण त्याआधी रस्त्याला लागून शेतांमध्ये एक भिंत दिसली. बांधलेली नाही, जमिनीतूनच वर आलेली, उगवतीकडून मावळतीकडे सरळ धावत गेलेली काळी टेकडी. जवळ गेलो तर सरपण रचून ठेवावं तसे आडवे दगड एकावर एक.

मयुरी त्या दगडांजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "मामा, ही भित्ती आहे."

"भिंतच आहे, दिसतंय मला."

"नाही हो, भित्ती! पुस्तकात आहे. जमिनीला लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वर आला, सगळीकडे पसरला. जो भेगेतच थिजला तो हा. बाजूचं झिजून गेलं, हा राहिला." बोलता बोलता तिचा आवाज वाढला. "म्हणजे आपण मघापासून लाव्ह्यावरूनच गाडी चालवत आलो! नशिराबादपासून!"

"मग तो मागच्या सीटवरचा?"

ती वळून गाडीकडे बघायला लागली. काचेतून थर्माकोलचं निमुळतं टोक दिसत होतं, लाल रंगाचे ओघळ काढलेलं.

"तसा डोंगर आपल्याकडे नव्हताच," ती म्हणाली. "जपानमध्ये असेल. मी उद्या आपल्या मुलींना जपानचा डोंगर दाखवणार आहे." आणि मग, एकदम: "मामा, मागच्या वर्षी त्या मुलीनं हेच तर विचारलं होतं. उत्तर पुस्तकात होतं. मला माहीत पण होतं. पण टाचणात नव्हतं म्हणून मला वाटलं, बोलायची परवानगी नाही."

दोन वर्षं फी भरून पोरगी हेच शिकली होती. मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. ती त्या दगडांना हात लावत टेकडीच्या कडेनं लांबपर्यंत चालत गेली आणि मी सावली शोधत बसलो.

रात्री ती होस्टेलवर, मी बसस्टँडजवळच्या लॉजवर. खोली स्वच्छ, कूलर जिवंत, उशी दगडाची. दगडाची सवय मला त्या दिवशी झालीच होती.

दुसऱ्या दिवशी मला वर्गात बसायला परवानगी मिळाली, कारण ज्वालामुखीत व्हिनेगर ओतायला माणूस हवा होता. आत खायचा सोडा आणि लाल रंग भरून ठेवलेला. मयुरीनं मान हलवली की मी ओतायचं, की लाव्हा बाहेर. माझ्या आयुष्यातली ही पहिली शासनमान्य भूमिका. टेबलाशेजारी बाटली घेऊन उभा राहिलो. मागच्या बाकावर मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक. परीक्षक सर गंभीर चेहऱ्याचे, सकाळपासूनचा त्यांचा हा चौथा पाठ, म्हणजे तीन ज्वालामुखी त्यांनी आधीच पाहिलेले होते.

प्रस्तावना झाली. दूध तापवलं की काय होतं? उतू जातं. पृथ्वीच्या पोटात काय आहे? तप्त शिलारस. उजवे हात, डावे हात, सगळं टाचणाबरहुकूम. पूनम एकदा खोकली, मयुरीनं हेतुकथन केलं. पूनम दोनदा खोकली, मयुरीनं फळा पुसला. परीक्षकांनी जांभई दाबली. मी बाटलीचं झाकण काढलं.

मयुरीनं माझ्याकडे पाहिलं, पण मान हलवली नाही. खडू खाली ठेवला.

"मुलींनो," ती म्हणाली, "मागच्या वर्षी मला एका मुलीनं विचारलं होतं, आपल्याकडे कुठे आहे ज्वालामुखी? मी उत्तर दिलं नव्हतं. तुम्ही सांगा. कुठे आहे?"

वर्ग चिडीचूप. एकही हात वर नाही, डावासुद्धा नाही. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी पूनम उभी राहिली आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, हा प्रश्न कोणाचा आहे? माझा नाहीये. माझा 'मॅग्मा म्हणजे काय' आहे."

परीक्षकांनी झटकन वर पाहिलं. मार्गदर्शक मॅडमनी पदर तोंडाला लावला. आणि मयुरी गप्प झाली.

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. तिचे ओठ मिटलेले, बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट. मला वाटलं, संपलं. मनात आलं, पटकन व्हिनेगर ओतून टाकावं, काहीतरी फसफसेल, निदान घंटा होईपर्यंत तरी निभेल. हात उचललासुद्धा.

"थांबा मामा," ती म्हणाली. मग पूनमकडे वळली. "हा कोणाचाच नाही, पूनम. मला पण कोणी दिला नव्हता. चला, बाहेर या सगळ्या."

"बाहेर?" मॅडम अर्ध्या उठल्या.

व्हरांड्याच्या पायऱ्या जुन्या काळ्या दगडाच्या होत्या. रोज हजार पाय पडून गुळगुळीत झालेल्या, पण कडेला दगडात बारीक बारीक भोकं. मयुरी तिथेच मांडी घालून बसली. साडी, परीक्षा, परीक्षक, कशाची पर्वा नाही. "यात बोट घाला. कसली भोकं आहेत?"

"मुंग्यांची!" "किडे लागले असतील!" "मॅडम, पावसाने!"

"उकळत्या भाताला बुडबुडे येतात ना? हा दगड कधीतरी तसाच उकळत होता."

मग जे सुरू झालं ते मला पुरतं सांगताही येणार नाही. बुडबुडे थंड झाल्यावर फुटले का नाहीत? जमीन कुठे फाटली होती? आमच्या शेतातली काळी माती पण यातलीच का? पुन्हा फाटेल का? तेव्हा माणसं कुठे होती? आमच्या बोअरला इतका कडक दगड लागला तो हाच का? सगळ्या एकदम बोलत होत्या आणि डावा-उजवा हात कोणाच्या लक्षात राहिला नव्हता. मयुरी एकेकीला उत्तर देत होती, लळिंगची भित्ती फळ्याऐवजी खडूनं फरशीवर काढून दाखवत होती. पूनम, जिला सगळा पाठ पाठ होता, ती पायरीच्या भोकात करंगळी घालून म्हणाली, "मॅडम, मग आपल्या पांझरेनं वळण बरोबर इथेच का घेतलं? या दगडामुळे का?"

मयुरीनं खडूनं फरशीवर पांझरेचं वळण काढलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आपण शोधू या."

मागे मॅडम हातानं 'मूल्यमापन, मूल्यमापन' अशा खुणा करत होत्या. परीक्षक सर व्हरांड्याच्या टोकाला उभे होते. आपल्याकडे कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी हळूच वाकून एका भोकात बोट घातलं. मी बघत होतो. तेवढ्यात घंटा झाली.

पाठ अपूर्ण. मूल्यमापन नाही, गृहपाठ नाही, साधन वापरलं नाही. मॅडमनी बाहेर पडता पडता हे सगळं दुःखानं सांगितलं. "एवढा सुंदर ज्वालामुखी होता हो," त्या म्हणाल्या. ज्वालामुखी शाळेलाच दिला. शिपाईमामांनी साहित्याची खोली उघडली तर आत मागच्या अनेक वर्षांचे ज्वालामुखी ओळीनं उभे होते, धूळ बसलेले, एक हिरवासुद्धा. त्यातच हाही लागला. व्हिनेगरची बाटली मात्र पूनमनं मागून घेतली. मधल्या सुट्टीत त्या खोलीतून एकदम आरडाओरडा ऐकू आला, तेव्हा आम्ही गाडी सुरू केली होती.

परतीचा रस्ता तोच, पण या खेपेला मयुरी धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत बोलतच होती. हा बांध कसला, ती टेकडी अशी सपाट का, तापीच्या काठी गाळ किती खोल असेल. मला गाणी लावायची होती, लावली नाहीत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. नापास झाली तर झाली, पोरगी बोलत होती.

नापास मात्र झाली नाही. महिन्याभरानं निकाल लागला. मयुरी काठावर पास, वर्गात शेवटून पहिली. सगळ्यांत जास्त गुण ज्याच्या ज्वालामुखीतून बरोबर वेळेवर फेस आला त्याला, आणि ते योग्यच आहे, यंत्रणेनं सांगितलं तेच त्यानं केलं. मॅडमनी परीक्षकांचा शेराही फोनवर वाचून दाखवला: "विद्यार्थिनी फार प्रश्न विचारतात. वर्गावर नियंत्रण नाही."

संध्याकाळी मी अक्काकडे गेलो तेव्हा दाजी पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभे होते. समोरच्या काकूंनी विचारलं, "किती मार्क पडले हो पोरीला?"

दाजींना बी.एड.मधलं काहीच कळत नाही. मयुरीनं सांगितलं होतं तेवढंच त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "मार्कांचं सोडा हो. परीक्षकानं लिहून दिलंय, हिच्या वर्गातल्या पोरी फार प्रश्न विचारतात म्हणून!"